खेड्यातील घर : विहीर आणि मलकुंड

खेड्यात घर विकत घेणारा मनुष्य छप्पर न्याहाळतो, भिंतींची ओल हाताने चाचपतो, जमिनीचे कागद दोनदा वाचून घेतो आणि विहिरीत डोकावून पाणी दिसले की समाधान पावतो. मलकुंडाचे झाकण मात्र सहसा कोणी उघडावयास लावीत नाही. शहरात पाणी आणणे व मैला नेणे ही दोन्ही कामे नगरपालिका करीत असते; खेड्यात ती घरमालकाकडे येतात, आणि एकाच अंगणात येतात.

केरळचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे असंख्य घरांना स्वतःची उघडी विहीर असते. जमीन पुष्कळ ठिकाणी जांभ्या दगडाची, म्हणजे सच्छिद्र. आणि घराभोवतीची जागा बेताची. पावसाळ्यात भूजल वर चढून शोषखड्ड्याच्या तळाला भिडले, म्हणजे मातीतून गाळले जाण्यापूर्वीच घाण पाणी विहिरीकडे वाट काढू शकते. भारतीय मानकानुसार शोषखड्डा व पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान १८ मीटर अंतर हवे. ते फीत लावून मोजावे, आणि शेजाऱ्याच्या खड्ड्यापासूनही मोजावे. ही दुसरी मोजणीच बहुधा राहून जाते. अर्थात हा आकडा म्हणजे अभयपत्र नव्हे. भेगाळलेल्या खडकातून मैलापाणी याहूनही दूर जाऊ शकते.

‘आमची टाकी आजवर उपसावी लागली नाही,’ असे विक्रेता अभिमानाने सांगतो. वापरातल्या घराबाबत हे उत्तर शंकास्पद मानावे. नीट बांधलेल्या टाकीत गाळ साठतोच व दोन-तीन वर्षांनी तो काढावा लागतो. तो कधीच साठत नसेल, तर तळ बांधलेला नसावा, भिंत फुटलेली असावी किंवा मैला थेट ओढ्यात जात असावा. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडली, की फडक्याच्या काळवंडलेल्या भागावरून गाळाची खोली कळते. मात्र झाकण काढल्यावर काही वेळ दूर उभे राहावे. आत विषारी आणि ज्वालाग्राही वायू असतात. वाकून पाहू नये, दिवा किंवा काडी जवळ नेऊ नये आणि कोणासही आत उतरवू नये. संरक्षक साधनांवाचून माणसाकडून अशी सफाई करून घेणे २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे.

विहिरीची परीक्षा वैशाख-ज्येष्ठात घ्यावी. पंपाने पाणी उपसून पूर्वीची पातळी किती वेळात येते ते पाहिले, म्हणजे झऱ्यांचे बळ समजते.

पाण्याच्या शुद्धतेविषयी डोळ्यांची साक्ष निरुपयोगी आहे. जंतुपरीक्षेचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. रासायनिक तपासणी निराळी. तीत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे, आर्सेनिक ०.०१च्या आत, फ्लोराइड १ पर्यंत चालते, दुसरा पाणवठाच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण ही द्रव्ये जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात फ्लोराइडने हाडे वाकलेली माणसे जे पाणी पीत होती, ते दिसावयास स्वच्छच होते.

उन्हाळ्यात निर्दोष ठरलेल्या विहिरीचा नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तपासावा लागतो. तोवर व्यवहार थांबवणे शक्य नसेल, तर निदान इसारपत्रात तशी अट घालून घ्यावी.