कुंडीतलं अंजीर : मुळं कधी आणि कशी छाटावीत?

'मुळावर घाव घालणे' हा वाक्प्रचार आपण मराठीत नेहमी नाशासाठीच वापरतो. त्यामुळे झाड जगावं म्हणून त्याची मुळं कापा, असं कुणी सांगितलं तर मन तयार होत नाही. पण कुंडीतल्या अंजिराच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. इथे घाव न घातलेलं झाडच हळूहळू उपाशी पडतं. ते कसं, हे नीट समजून घेऊ.

का छाटायची?

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे मळ्यातल्या झाडाची मुळं जमिनीत लांबवर पसरतात. कुंडीत मात्र ती कडेला अडतात आणि गोल गोल फिरत राहतात. दोन-तीन वर्षांत कुंडीत मातीपेक्षा मुळंच जास्त होतात. पाणी आणि अन्न शोषण्याचं मुख्य काम टोकांकडची कोवळी मुळं करतात. जुनी जाड मुळं बरीचशी जागाच अडवतात. जाड मूळ कापलं की कापाच्या मागच्या भागातून नवी बारीक मुळं फुटतात. छाटणीचा फायदा तो हाच.

मग मोठी कुंडी का नको? चालेल की! पण भाड्याच्या घरात किंवा गॅलरीत दर वेळी मोठी कुंडी कुठे ठेवणार, आणि उचलणार कोण?

झाड स्वतःच खुणा देतं. घातलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं. सकाळी पाणी घालूनही दुपारी पानं मलूल होतात. नवी पानं लहान येतात, फळं कोवळी असतानाच गळतात. भोकांतून मुळं बाहेर डोकावतात.

कधी?

झाड झोपेत असताना, म्हणजे पानं गळल्यानंतर आणि फांद्यांवरचे डोळे फुगायच्या आधी. ग्वाल्हेर-इंदूरकडे थंडी चांगली पडते, तिथे जानेवारीचा उत्तरार्ध योग्य. गोवा-बेळगावकडे झाड पूर्ण निष्पर्ण होईलच असं नाही. तिथे डिसेंबर-जानेवारीत पाणी थोडं कमी करून झाडाला विश्रांती द्यावी आणि मग छाटणी करावी. झाडावर फळं असतील तर ती उतरेपर्यंत थांबा. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम करू नका, कारण कापलेली मुळं पानांची तहान भागवू शकत नाहीत. भर पावसात तर नकोच. ओल्या गच्च मातीत जखमा कुजतात.

कशी?

१. दोन-तीन दिवस आधी पाणी बंद करा. कुंडी आडवी करून कडेने जुनी सुरी फिरवा आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. हातमोजे घाला. अंजिराचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते.

२. स्वच्छ करवतीने गोळ्याचा तळ दोन इंच कापा. कडेची साधारण इंचभर मुळं-माती खुरप्याने मोकळी करून छाटा. गोल फिरलेली जाड मुळं कात्रीने तोडा. एकूण मुळांपैकी पाव ते एक तृतीयांश भागच काढायचा. वाक्प्रचार खरा ठरतो तो ही मर्यादा ओलांडल्यावर!

३. मुळांवर चोळूनही न निघणाऱ्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा त्रास समजावा. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

४. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू असं मिश्रण भरा. काठीने टोचत पोकळ्या बुजवा. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा. मग तळातून वाहीपर्यंत पाणी द्या.

५. फांद्याही त्याच प्रमाणात कमी करा. मुख्य बहाराची फळं नव्या फुटीवर येतात, म्हणून फळ जाईल ही भीती नको.

कुंडी उचलणं शक्यच नसेल तर गोळ्यातून समोरासमोरच्या दोन फोडी कापून काढा आणि तिथे नवी माती भरा. उरलेल्या दोन बाजू पुढच्या वर्षी.

नंतर काय?

पंधरा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा. महिनाभर वरून खत देऊ नका. पानं नसताना झाड पाणी फार कमी पितं, तेव्हा वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी घाला. छाटणीनंतर झाडं मरतात ती बरेचदा काळजीपोटी घातलेल्या जास्तीच्या पाण्याने.

तरीही हात थरथरत असेल तर एक सोय करून ठेवा. छाटलेल्या फांद्यांपैकी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे दोन-तीन तुकडे ओलसर मातीत खोचा. अंजीर फांदीपासून सहज लागतं. मूळ झाड तगलं तर ही रोपं शेजारी देता येतील, नाहीच तगलं तर तेच झाड आपल्याकडे पुन्हा उभं राहील. आणि छाटणीची तारीख कुंडीवर रंगाने लिहून ठेवा. पुन्हा घाव घालायचा तो दोन-तीन वर्षांनीच.