शब्बाथ आणि शिपाईगिरी



मागे एका रविवारी मिस्सानंतर एक आई आमच्याकडे थांबली. मुलगा फौजेत, सीमेवर. "फादर, तीन महिने झाले, त्याला मिस्सा नाही. रविवारीही ड्यूटी. त्याला पाप लागतं का हो?" आपला सातारा-सांगलीचा मुलूख म्हणजे फौजींचा. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही.

हा प्रश्न आपल्याआधी यहुदी लोकांना पडला होता. मक्काबी यांच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घरी जरूर वाचा. राजाच्या छळाला कंटाळून काही धर्मनिष्ठ कुटुंबे रानात लपली. शत्रूने मुद्दाम शब्बाथ दिवशी हल्ला केला. विश्रांतीचा दिवस मोडायचा नाही म्हणून त्यांनी साधा दगडही उचलला नाही. बायकामुलांसह सुमारे १००० जीव गेले. हे ऐकून मत्तथ्या आणि त्याच्या सोबत्यांनी शोक केला, आणि मग ठरवले : शब्बाथ दिवशी कोणी चालून आले तर लढायचे. नियम रद्द झाला नाही, तो कशासाठी आहे हे त्यांनी ओळखले. आम्हांला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण तो नियम सैल मानणाऱ्यांनी नव्हे, नियमासाठी घरदार सोडणाऱ्यांनी घेतला.

यहुदी आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्रायल मराठीच बोलत. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावे गावांवरून : पेणकर, नवगावकर, दिवेकर. पुढे त्यांच्यातले पुष्कळ जण कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत गेले आणि देशी अधिकारी झाले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, टिपूविरुद्धच्या लढाईत कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत सभास्थान बांधले. नाव 'दयेचे द्वार'. मस्जिद स्टेशनाचे नाव या सभास्थानावरूनच पडले असे म्हणतात, हे जाता जाता. पुढे जातवार कंपन्यांची पद्धत आली. एवढ्या लहान समाजाची वेगळी कंपनी कुठून उभी राहणार? मग त्यांची मुले कारकुनी, रेल्वे, शिक्षण, वैद्यकी यांकडे वळली. तरी याच समाजातले बेंजामिन अब्राहम सॅमसन स्वतंत्र भारताच्या नौदलात व्हाइस ॲडमिरल झाले. १९७१ साली ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे जनरल जेकब हेही यहुदी, पण कोलकात्याच्या बगदादी घराण्यातले.

इस्राएल देशात हा वाद अजून मिटलेला नाही. १९४८ साली सुमारे ४०० धर्मविद्यार्थ्यांना सैन्यसेवेतून सूट मिळाली. पुढे तो आकडा हजारोंवर गेला. दुसऱ्या बाजूला, काही धर्मशाळांत मुले शास्त्राध्ययन आणि सैन्यसेवा दोन्ही करतात, आणि त्या पंथातून अनेक अधिकारी पुढे आले. २०२१ साली नफ्ताली बेनेट पंतप्रधान झाले. धार्मिक यहुद्याची गोल टोपी घालणारे ते पहिलेच. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मविद्यार्थ्यांना सरसकट सूट देण्यास कायद्याचा आधार उरलेला नाही. प्रार्थनेनेही देश राखला जातो, असे सूट मागणारे म्हणतात. त्यांच्या श्रद्धेला आम्ही हसणार नाही. पण शेजारणीचा मुलगा पहाऱ्यावर असताना आपला मुलगा घरी का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

आता त्या आईचा प्रश्न. योहान बाप्तिस्ताकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. लुबाडू नका, पगारात समाधानी राहा, एवढेच सांगितले (लूक ३:१४). ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही गंभीर कारण असल्यास रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट मानतो (परिच्छेद २१८१). पहारा हे गंभीर कारण आहे. सुट्टीवर आल्यावर रविवारी नऊपर्यंत झोपून राहणे, हे नाही.

हे ऐकून ती आई हसली. मुलगा पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतो आहे. पहिल्या मिस्साला त्याला स्वतः उठवून आणीन म्हणाली.