वेळेचा रोजमेळ

नोकरी सोडून चित्रकामावर जगायला लागले, त्याला आता तिसरं वर्ष. जुलैच्या अखेरीस दिवाळी अंकांची चित्रं, एका बालपुस्तकाची पानं आणि दोन लग्नपत्रिका असं सगळं एकदम अंगावर आलं आणि माझी घडी विस्कटली. माझी मावशी पस्तीस वर्षं घरूनच मुखपृष्ठं आणि आतली चित्रं करते. तिची कामं वेळेवर जातात. एका दुपारी माझा प्लॅनर घेऊन मी तिच्याकडे गेले.

मी : मावशी, हा बघ. दर अर्ध्या तासाला एक रकाना. पहिले दहा दिवस नेटके भरलेत, पुढे सगळं कोरं. दर वर्षी असंच होतं. माझ्यातच शिस्त नाही का गं?

मावशी : एवढी चित्रं करून देतेस, ती शिस्तीवाचून होतात का? अगं, हे रकाने दिवसभर बैठका असणाऱ्या माणसाचे. त्याच्या दिवसाचे तुकडे दुसरी माणसं पाडतात, म्हणून त्याला अर्ध्या तासाचं माप पुरतं. पॉल ग्रॅहम नावाच्या एका प्रोग्रॅमरने २००९ साली यावर छान लेख लिहिलाय. काही घडवणाऱ्याला निदान अर्धा दिवस सलग लागतो, मधे एक भेट आली तरी तो अख्खा अर्धा दिवस मोडतो, असं त्याचं म्हणणं.

मी : मग अर्ध्या दिवसाचे रकाने आखू?

मावशी : आधी आखूच नकोस. मला सांग, एका मुखपृष्ठाला तुला किती वेळ लागतो?

मी : आठेक तास.

मावशी : कशावरून?

मला उत्तर देता आलं नाही.

मावशी : सगळ्यांचं असंच असतं. कॅनडात मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? १९९४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवसांचा. सगळं बिघडत गेलं तर किती लागतील, याचाही अंदाज घेतला. तो साधारण ४९ दिवस आला. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे वाईटात वाईट धरलं होतं, तेही कमीच पडलं. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी त्याआधीच, १९७९ मध्ये, यावर उपाय सांगून ठेवला होता. हातातल्या कामाकडे बघून अंदाज करू नका, अशीच आधीची कामं किती वेळात झाली ते बघा.

मी : पण ते मी कुठे लिहून ठेवलंय?

मावशीने कपाटातून एक लांब वही काढली. लाल कापडी बांधणी, दुकानाच्या गादीवर असायची तशी. उघडलेल्या पानावर होतं : ‘९ ते १२॥ – माकड, रफ. तीन टाकली, चौथं बरं. दुपारी फोन, ४० मि. (लेखिका : शेपूट लांब हवी.) ४ ते ६ – काही नाही.’

मावशी : तुझ्या आजोबांच्या दुकानात दिवसाची उलाढाल आधी रोजमेळात यायची, जशी झाली तशी. मग सवडीने खतावणीत, ज्याची त्याच्या खात्यावर. मी वेळेचं तेच करते. रात्री पाच मिनिटं रोजमेळ, आणि काम संपलं की खतावणी. रफ, मूळ चित्र, बोलणं, दुरुस्त्या अशी माझी खाती आहेत. आणि एक ‘पाहणं’.

मी : पाहणं म्हणजे?

मावशी : सकाळी मंडईत जाऊन भाजीवाल्यांचे हात बघत बसते, ते. पूर्वी मी त्याला ‘वेळ वाया’ म्हणायचे. खतावणी मांडल्यावर कळलं, ज्या महिन्यात हे खातं रिकामं असतं, त्याच्या पुढच्या महिन्यात मी एकाच वळणाची चित्रं काढते.

मी : आणि हे ‘काही नाही’?

मावशी : ते खरंच काही नाही. तेही लिहायचं. रोजमेळात खोटी रक्कम टाकली तर मेळ बसत नाही.

मग तिने मला माझंच मागचं मुखपृष्ठ मांडायला बसवलं. फायलींवरच्या वेळा आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप जुळवत गेलो. मूळ चित्र आठ तास. म्हणजे माझा अंदाज अगदी बरोबर होता, पण तो फक्त रंगवण्याचा. रफ पाच तास, फोन आणि निरोप तीन, दुरुस्त्या पाच. एकूण एकवीस. तेरा तास मी कुठेच धरले नव्हते. दोन वर्षं मी आठ तासांवर दर सांगत होते, आठ तासांवर तारीख देत होते आणि उशीर झाला की स्वतःला आळशी म्हणत होते.

मावशी : आता नियोजन कर. माझी वही सांगते की माझा हात दिवसाला चार तास चांगला चालतो. तुझा साडेतीन असेल, पाच असेल. चार धरलेस तर हे मुखपृष्ठ सव्वापाच दिवसांचं. म्हणजे आठवड्यात एकच मोठं काम. त्या कामाचं नाव आणि रोजची सलग वेळ, एवढंच लिही. बाकी मोकळं ठेव.

मी : आणि आढावा? दर रविवारी घ्यावा म्हणतात.

मावशी : कामाचा जो पल्ला असेल, तोच आढाव्याचाही. वर्तमानपत्रात रोज व्यंगचित्र देणाऱ्याला आठवडा ठीक आहे. बत्तीस पानांच्या पुस्तकाच्या मधल्या रविवारी मी काय सांगणार, चित्रं अर्धी आहेत? पुस्तक प्रेसला गेलं की त्याच आठवड्यात बसायचं, दुरुस्त्यांचा वैताग ताजा असताना. कुठला बदल रफमध्येच विचारून घेता आला असता, ते तेव्हाच आठवतं. आता मी रफच्या पानावरच लेखकाची सही घेते. शेपटीची लांबीसुद्धा तिथेच ठरते.

मी : पैशांचं पण त्यातच बघायचं? एका प्रकाशनाकडे माझे मार्चपासूनचे अडकलेत.

मावशी : ते वेगळ्या दिवशी. चित्राचा विचार करताना थकबाकी समोर आली की हात आखडतो. अग्रिम कराच्या तारखा आहेतच, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. त्याआधीच्या आठवड्यात बिलं, येणं आणि कापलेला टीडीएस बघून टाक. आणि उद्यम नोंदणी करून घे. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ च्या कायद्यात आहे. पुढच्या बिलावर नोंदणी क्रमांक घाल आणि पत्र लिही.

मी : वर्षाचा आढावा मात्र मी ३१ डिसेंबरला घेते.

मावशी : आणि तेव्हा काय दिसतं? आपलं वर्ष डिसेंबरला कुठे संपतं! काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडच्या चित्रकारांचा पावसाळा या अंकांत जातो. अंक छापून आले की हात रिकामे होतात. व्यापारी पाडव्याला नवी वही घालतात, तीच आपलीही तारीख. मी जुनी वही घेऊन बसते आणि बघते, कुठलं काम पैशांसाठी केलं, कुठलं मनापासून आणि कुठलं नुसतं ‘नाही’ म्हणवेना म्हणून. त्या तिसऱ्या यादीतली माणसं पुढच्या वर्षी फोन करतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार असतं. तुझी वहीही पाडव्याला घेऊन ये, माझ्या वहीशेजारी पूजेत ठेवू.

मी : आणि तोवर पानं पुन्हा कोरी राहिली तर?

मावशी : राहतील. जून-जुलैत माझीही राहतात, बघ हवं तर. मधली पानं आठवून भरत बसू नकोस. ज्या दिवशी वही पुन्हा हातात घेशील, त्या दिवसाची तारीख टाक आणि पुढे लिही. वही अप्पा बळवंत चौकात मिळेल. लांब वही माग, आणि बिनरकान्यांची.