पोटातला गॅस : लाज सोडू या, लक्षणे ओळखू या

सख्यांनो, गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता सगळं मोकळेपणानं बोलतो. पण "पोटात गुबारा धरलाय, वारा सरत नाही" एवढं सांगायला मात्र जीभ अडखळते. कुणी हसेल असं वाटतं. मग आपण ओवा चावतो, सोडा पितो आणि दुखणं अंगावर काढतो. म्हणून या वेळचा पाठ पोटाच्या गॅसवर आहे. गॅस मोकळा कसा करायचा, हे तर शिकायचंच आहे. पण जे दुखणं गॅससारखं दिसतं आणि गॅस नसतं, ते ओळखणं त्याहून महत्त्वाचं आहे.

गॅस का होतो आणि का अडकतो?

आतड्यातले जिवाणू न पचलेलं अन्न आंबवतात, त्यातून वायू तयार होतो. घाईत जेवताना आपण हवाही गिळतो. निरोगी माणसाचा वारा दिवसातून साधारण 10 ते 20 वेळा सरतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

काहीजणींना पोटदुखी, फुगणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब असा त्रास महिनोन् महिने होतो. तपासणीत मात्र जखम, गाठ, सूज काहीच सापडत नाही. याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस म्हणतात. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेत, गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतंय आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे, असं असेल तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. यात आतड्यांची चाल बिघडते आणि ती फार हळवी होतात. शेजारणीला जेवढा गॅस जाणवतही नाही, तेवढ्यानं आपल्याला कळ येते. म्हणजे हे "मनाचे खेळ" नाहीत. चिंता, जागरण यांनी त्रास वाढतो, कारण मेंदू आणि आतडी एकमेकांशी जोडलेली आहेत. पण दुखणं खरंच असतं.

आपल्या मुंबईत आणखी एक कारण आहे. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला जायला जवळपास तासभर लागतो. लोकलमध्ये शौचालय नाही, उतरल्यावर स्वच्छ मिळेल याची खात्री नाही. म्हणून बायका सकाळी पाणी पीत नाहीत, शौचाची भावना दाबून ठेवतात. मल सुकतो, त्याच्यामागे गॅस कोंडतो. बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या हव्यात म्हणून मुंबईतल्या संस्थांनी 2011 साली "राइट टू पी" ही मोहीम सुरू केली, ती अशाच अडचणींतून. शौचालय हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे वस्तीत आणि वॉर्डात आपणही सांगत राहिलं पाहिजे.

गॅस अडकला तर काय करायचं?

1. आधी चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली की वायू पुढे सरकतो. जेवून लगेच आडवं होऊ नका.

2. पवनमुक्तासन करा. उताणं झोपा, एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे ओढा, श्वास सोडा, पाच-सहा श्वास थांबा. मग दुसरा पाय, मग दोन्ही. नावातच वायू मोकळा करणं आहे. योग ही फक्त साधूंची गोष्ट नाही, घरसंसारातल्या माणसांचीही आहे, या विचारानं योगेंद्रजींनी 1918 साली आपल्या अंधेरीजवळच्या वर्सोव्यात द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली. आज ती सांताक्रूझला आहे.

3. पोट चोळा, पण दिशा सांभाळा. मोठं आतडं पोटाच्या उजव्या बाजूनं वर जातं, बरगड्यांखालून आडवं जातं आणि डाव्या बाजूनं खाली उतरतं. हात त्याच वाटेनं, हलका, गोल फिरवा. गरम पाण्याची पिशवीही बरी वाटते.

4. शौचाला बसताना गुडघे कमरेपेक्षा वर हवेत. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. जोर करू नका.

गरोदर बायांनी, पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि हर्निया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोट दाबू नये, आसन करू नये.

सोड्याची बाटली किंवा फसफसणारी पावडर घेतली की ढेकर येते आणि बरं वाटतं. पण त्यातून पोटात आणखी वायूच जातो आणि खालचा गॅस तिथेच राहतो. पावडरीत सोडियमही असतं, म्हणून बीपी असलेल्यांनी ती रोज घेऊ नये.

स्वयंपाकात काय बदलायचं?

कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा, वाटाणा, फ्लॉवर, कोबी, दूध, आंबा, फणस यांनी हळव्या आतड्यांत गॅस वाढू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं अशा पदार्थांचा अभ्यास करून आहार आखला आहे. पण हे सगळं एकदम सोडू नका. आपल्यात आधीच रक्त कमी आणि डाळ-कडधान्य कमी, त्यात ताट आणखी रिकामं होईल. एकेक पदार्थ दोन आठवडे कमी करून पाहा. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा.

कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात नीट शिजवा. लसणाचा त्रासदायक अंश पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी द्या. चव राहते, त्रास कमी होतो. काही दिवस चपातीऐवजी तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी करून पाहा. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल एका चमच्यापासून सुरू करा, सोबत भरपूर पाणी प्या. दिवसभर उपाशी राहून रात्री पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं, वेळेवर, चावून खा. उपाशीपोटी चहावर चहा नको.

हे गॅस म्हणून सोडू नका

पुढचं काहीही असेल तर घरचा उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे जा :

- शौचातून रक्त, किंवा काळी डांबरासारखी शौच
- कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्त फार कमी होणं
- रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब
- घरात कुणाला आतड्याचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असणं
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला असा त्रास
- पोट रोजच फुगलेलं राहणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, वारंवार लघवी

शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा. अंडाशयाचा कॅन्सर सुरुवातीला अगदी गॅससारखाच वाटू शकतो. बाई महिनोन् महिने ओवा खात राहते आणि वेळ निघून जाते. आतड्याचा टीबीही असाच लपतो, आणि तो औषधानं बरा होतो. म्हणून "मला आयबीएस आहे" हे आपण आपलं ठरवायचं नाही. ते तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगायचं.

आणि पोट दगडासारखं कडक झालं, उलट्या होतायत, वारा आणि शौच दोन्ही पूर्ण बंद, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. एरवीच्या तपासणीसाठी जवळचा महापालिकेचा दवाखाना आहेच. पुढे अंधेरीकडच्या सख्यांना कूपर, बोरिवलीकडच्यांना कांदिवलीचं शताब्दी, घाटकोपरकडच्यांना राजावाडी जवळ पडेल.

पुढच्या बैठकीपर्यंतचा अभ्यास

वहीच्या मागच्या पानावर दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा : काय खाल्लं, पोट कधी फुगलं, शौच कशी झाली, झोप आणि ताण किती. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. डॉक्टरांपुढे हे पान ठेवलं की पाच मिनिटांच्या भेटीतही दुखणं नीट सांगता येतं.

बैठकीत वरची यादी मोठ्यानं वाचा. यातलं एखादं लक्षण असलेली ताई आपल्यात असेल तर तिला एकटीला पाठवू नका, गटातल्या एकीनं सोबत जा. हप्ता थकला तर आपण घरी जाऊन चौकशी करतो, तशी दुखण्याचीही करू या.