आधी सिस्टम टाइप वाच

सानिका, घाटकोपरला स्टेशनाजवळ दुकान टाकते आहेस, म्हणजे तुझ्याकडे येणार झेरॉक्सवाले, डीटीपीवाले आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी. सगळ्यांचं मागणं एकच, "नवीन विंडोज टाकून द्या." लगेच पेन ड्राइव्ह खोचू नकोस. विंडोजचं बटण धरून पॉज दाब आणि सिस्टम टाइपची ओळ पूर्ण वाच. '32-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स64 प्रोसेसर' असं दिसलं, तर प्रोसेसर 64-बिटचाच आहे, वर कुणीतरी 32 टाकून ठेवलंय. तिथे 8 जीबी रॅम बसवलीस तरी विंडोज चारच्या आतच वापरणार.

32 वरून 64 ला थेट अपग्रेड होत नाही, सी ड्राइव्ह पुसावीच लागते. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे गिऱ्हाइकाला समोर बसवून विचार. विंडोज 10 चं लायसन्स दोन्हीकडे तेच चालतं, फक्त होमच्या जागी प्रो टाकू नकोस.

विंडोज 11 तर 32-बिटमध्ये मिळतच नाही. शिवाय त्याला टीपीएम 2.0 हवं, इंटेल असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या कोअर टू ड्युओला मी लिनक्सच देईन. डाउनलोडच्या पानावर 'एएमडी64' वाचून बिचकू नकोस, ती फाइल इंटेललाही चालते. पीसीसाठी हे 64-बिट रूप एएमडीनेच 2003 मध्ये आधी आणलं.

स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप किंवा एम1 किंवा त्यानंतरचा मॅक आला, तर ती जातच वेगळी, एआरएम. तिथे जुने प्रोग्रॅम बरेचसे चालून जातात, पण विंडोजवर प्रिंटरचा ड्रायव्हर एआरएमचाच लागतो. तो कंपनीने काढलाय का, हे पैसे घेण्याआधी बघ.

खरी गोम डीटीपीवाल्यांकडे. लग्नपत्रिका ज्या जुन्या मराठी पॅकेजवर होतात, त्याच्या डोंगलला 64-बिटचा ड्रायव्हर नसेल, तर 64 टाकल्यावर त्याचा धंदाच बंद. ड्रायव्हर 32 चा असेल तर तो 64-बिट विंडोजवर चढत नाही, कितीही खटपट कर. ते मशीन 32 वरच राहू दे, त्याची लॅन केबल काढ, आणि फायली नेण्या-आणण्याचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या पीसीवर स्कॅन करायला सांग.