वीज परत आली की काय काय उठतं

बेटा, रामदासपेठेतल्या दवाखान्यांचे, लॅबचे सर्व्हर आता तू सांभाळणार, म्हणून सांगतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो, वीज जाते, यूपीएसही किती वेळ टिकणार! सर्व्हर पुन्हा चालू होतो तेव्हा तू तिथं नसतेस. काउंटरवरच्या ताईला लिनक्स येत नाही, आणि समोर रिपोर्टसाठी माणसं उभी असतात. वीज आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये असते, ती आधी बघ.

मशीन उठलं तरी त्यावरच्या सर्व्हिसही उठायला हव्यात; त्या सिस्टीमडी सांभाळतं. 'सिस्टीमसीटीएल स्टार्ट' या आज्ञेनं सर्व्हिस फक्त आत्ता चालू होते. पुढच्या बूटशी त्याचा संबंध नाही. 'एनेबल'नं पुढच्या बूटपासून आपोआप उठते, पण आत्ता नाही. दोन्ही हवं असेल तर एनेबलला 'नाऊ' जोड. एनेबल म्हणजे एक सिमलिंक बनते, बूट होताना सिस्टीमडी तीच पाहतं. सर्व्हिसच्या युनिट फाइलीत 'इन्स्टॉल' हा भाग नसेल तर लिंक बनतच नाही. स्वतः लिहिलेल्या फाइलीत नेमका तोच राहून जातो. आमच्या काळी यासाठी चेककॉन्फिग होतं. २०१४ साली रेड हॅट ७ आलं आणि चेककॉन्फिग मागे पडलं.

आता सर्व्हिस उठण्याचा क्रम. डेटाबेस आधी, लॅबचं सॉफ्टवेअर मागून. 'आफ्टर' नुसता क्रम ठरवतं. डेटाबेसला उठवायला 'रिक्वायर्स' लागतं. लॅबच्या सॉफ्टवेअरच्या युनिटमध्ये दोन्ही लिही, आणि 'सिस्टीमसीटीएल एडिट'नंच लिही. मूळ फाइलीत लिहिलेलं अपडेटमध्ये पुसलं जातं.

नको त्या सर्व्हिस बंद कर, पण जिचं काम ठाऊक नाही तिला हात लावू नकोस. डिसेबल केलेली सर्व्हिसही दुसरं कुणी उठवू शकतं; छपाईची कप्स सॉकेटवरून उठते. अजिबातच नको असेल तर 'मास्क' कर.

बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये असेल तर तिच्यापुढे 'नोफेल' हवंच. नाहीतर डिस्क काढलेली असताना मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. मग तुला भर उन्हात धंतोलीवरून गाडी काढावी लागेल.

काम झालं की निघण्याआधी स्वतः रीबूट करून बघ. 'सिस्टीमसीटीएल'ला 'फेल्ड' जोडून कोण पडलं ते पाहा, मग लॅबच्या कॉम्प्युटरवरून एक रिपोर्ट उघडून बघ. डॉक्टरांना विचारूनच रीबूट कर, आणि सकाळी नको. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग असते. दुपारी दोननंतर कर.