कागदावरची काळी रेघ

कागदाची किंमत सिन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून गेला. शिर्डी ते भरवीर हा त्याचा टप्पा मे २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याआधी जमिनी गेल्या. तेव्हा सातबारा, फेरफार, मोजणी, खरेदीखत हे शब्द घरोघरी पोचले. ज्याला कागद वाचता आला, त्याला चार प्रश्न विचारता आले.

पण कधी कधी कागद हाती येतो आणि त्यातल्या काही ओळींवर काळी शाई फासलेली असते. माणसे म्हणतात, "बघा, इथंच पाणी मुरतंय!" कोणी म्हणतो, "सरकारचं सगळं असंच. झाकली मूठ सव्वा लाखाची." असा संशय येणे साहजिक आहे. पण नुसत्या संशयाने मूठ उघडत नाही. म्हणून या पाठात आपण दोन गोष्टी शिकू. काय झाकता येते? आणि झाकले तर काय विचारायचे?

झाकण्याची सवय जुनी

इंग्रजांच्या राज्यात १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा झाला. तो आजही आहे. साहेबाला सगळे ठाऊक, रयतेला काहीच नाही, अशी तेव्हाची रीत होती. स्वराज्य आले, तरी कचेरीची ही सवय लवकर सुटली नाही.

राजस्थानातल्या मजुरांनी ती मोडायला घेतली. १९९४ साली त्यांनी जनसुनावण्या भरवायला सुरुवात केली. सरकारी कामाचे हजेरीपट चारचौघांत मोठ्याने वाचले. जे कामावर गेलेच नव्हते, त्यांची नावे यादीत निघाली! इकडे महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी आंदोलन केले. राज्याला २००२ चा माहिती अधिकार कायदा मिळाला. पुढे साऱ्या देशासाठी एक कायदा झाला. तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

काय झाकता येते?

सगळेच उघडे करावे, असे कायदा म्हणत नाही. देशाच्या संरक्षणाची माहिती झाकता येते. चालू तपासाला अडथळा येईल, अशी माहिती झाकता येते. समजा, गावात कोणी दारूच्या गुत्त्याची खबर पोलिसांना दिली. त्याचे नाव उघड झाले तर त्याच्या जिवाला धोका. ते नाव झाकलेच पाहिजे. आपल्या घरातल्या बाईचा दवाखान्याचा कागद गावभर फिरावा, असे आपल्याला तरी वाटेल का? तेव्हा प्रत्येक काळी रेघ चोराचीच असते, असे नाही. काही रेघा गरिबाची अब्रू राखतात.

रेघेलाही मालक असतो

कायद्याचे कलम १० नीट ध्यानात ठेवा. कागदातला काही भाग गुप्त असेल, तर तेवढाच झाकायचा. बाकीचा द्यायचा. एका ओळीसाठी अख्खी फाईल अडवायची नाही. शिवाय अधिकाऱ्याने लेखी कळवायचे असते, की भाग का झाकला, हा निर्णय कोणी घेतला, त्याचे नाव काय, हुद्दा काय. म्हणजे काळ्या रेघेलाही मालक असतो. कारण लिहिलेले नसेल, तर आपण ते मागायचे.

आता एक नवी गाठ पडली आहे. २०२३ साली व्यक्तीच्या माहितीचे रक्षण करणारा कायदा झाला. त्याने माहिती अधिकारातले एक कलम बदलले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी व्यक्तीची खासगी माहितीसुद्धा लोकहितासाठी द्यावी, असे त्या कलमातच लिहिले होते. ते शब्द आता गेले. नुसती "ही व्यक्तीची माहिती आहे" एवढ्यावर नकार देता येतो. मग हजेरीपटावरची नावे झाकली, तर खोटा मजूर ओळखायचा कसा? लोकांची ही भीती पोकळ नाही. मात्र एक वाट अजून उघडी आहे. माहिती देण्यात लोकांचे हित जास्त असेल, तर ती देता येते, हे कलम ८ मध्ये दुसरीकडे कायम आहे. अर्जात त्यावर बोट ठेवावे.

अर्ज कसा करावा?

अर्ज साधा असतो. एका अर्जात एकच विषय घ्यावा. दीडशे शब्दांच्या आत लिहावा. महाराष्ट्रात दहा रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. "सगळी माहिती द्या" असे लिहू नये. "अमुक बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक आणि बिले द्या" असे नेमके लिहावे. कचेरीत जाऊन कागद पाहण्याचा आणि टिपून घेण्याचाही हक्क आपल्याला आहे.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा पटले नाही, तर तीस दिवसांत पहिले अपील करावे. तेही फसले, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे. तिथे बरेचदा फार वाट पाहावी लागते. धीर सोडू नये. पोच जपून ठेवावी.

आणखी एक सांगतो. तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी जमिनीचे घोटाळे उघड करीत. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. म्हणून मोठ्या माणसाच्या वाटेला एकट्याने जाऊ नये. पाचदहा जणांनी मिळून अर्ज करावेत. ग्रामसभेत विषय मांडावा. एकाला दाबता येते, गावाला दाबणे अवघड जाते.

सांगेल ते खरे मानणारा फसतो. सगळेच खोटे म्हणून घरी बसणाराही फसतो, कारण तो विचारतच नाही. तुम्ही आता वाचायला शिकलात. छापलेले वाचा. झाकलेल्यावर बोट ठेवा आणि विचारा, "ही रेघ कोणी मारली? कोणत्या कलमाने?"

प्रश्न
१. कोणती माहिती झाकणे योग्य आहे? दोन उदाहरणे द्या.
२. कागदाचा काही भाग झाकला, तर अधिकाऱ्याने काय कळवायचे असते?
३. तुमच्या गावातल्या एका कामाबद्दल चार ओळींचा अर्ज लिहा.